फर्स्ट कॉपी शूज घ्यावेत का? बेळगावात दीड-दोन हजार मोजण्याआधी हे बघून घ्या

कॉलेजं सुरू झाली की मला घरातल्या, गल्लीतल्या पोरांचे मेसेज यायला लागतात. फोटो पाठवतात आणि खाली एकच प्रश्न, "दादा, शोरूमला बारा हजार आहे, इथं अठराशेला द्यायलाय, घेऊ काय?" प्रत्येकाला वेगळं वेगळं टाइप करून सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावं आणि ज्यांना घ्यायचं नाही त्यांना त्याच पैशात दुसरं काय मिळतंय तेही कळावं.

माझं मत आधीच सांगतो. फर्स्ट कॉपी, म्हणजे मोठ्या ब्रँडचं नाव छापलेला नकली बूट, घेऊ नका. लोकांना कळेल म्हणून नव्हे, लोकांना तर नव्वद टक्के वेळा कळतच नाही. पण त्या दीड-दोन हजारातला बराचसा पैसा नावाच्या छाप्यावर, रंगावर आणि बॉक्सवर जातो, पायाखाली फार थोडा येतो. तेवढ्याच पैशात स्वतःचं नाव लावून विकलेला साधा बूट जास्त चांगला मिळतोय, हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय.

माझ्या बुटाचं काय झालं

काही वर्षांमागं मार्केटातल्या एका दुकानातनं मी बावीसशे देऊन एक जोड घेतला. 'सेवन ए क्वालिटी' म्हणून. टाचेत ती पारदर्शक खिडकी असते, आत हवा भरलेली, तशी खिडकी होती, बॉक्स होता, बॉक्सात पातळ कागद, टॅग, सगळं. जून-जुलै भरपूर पाऊस झाला तरी मी जपून वापरला. सप्टेंबरात सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो आणि उतरताना उजव्या पायाचा सोल चवड्यापासून सुटला, चालताना फट्‌फट् वाजायला लागला, शेवटी बुटाची लेस सोलावरनं बांधून खाली आलो.

दुसऱ्या दिवशी बूट दुरुस्त करणाऱ्या एका मामांकडं घेऊन गेलो. त्यांनी रापी (कातडं कापायचं हत्यार) घातली आणि उरलेला सोल एका झटक्यात काढला. मग मला जवळ बोलावून दाखवलं. सोलाला गोंद पक्का होता, पण त्या गोंदाला पांढऱ्या रंगाचा अख्खा पापुद्रा चिकटून आलेला. "गोंदानं सोडलं नाही बाळ, रंगानं सोडलंय. फोमला आधी रंग मारला आणि त्या रंगावर चिकटवलंय, मग कसं राहणार?" ती हवेची खिडकी म्हणजे बाहेरनं लावलेला प्लॅस्टिकचा तुकडा, मागं साधा फोम. आणि टाचेवर इनसोलच्या खाली पुठ्ठा होता. पावसात भिजून त्याचा लगदा झालेला, बोटानं दाबला तर पाणी आलं. मामांनी कडेनं शिलाई मारून दिली, अडीचशे घेतले, अजून दोन महिने चालला. साडेचोवीसशेत सहा महिनेसुद्धा नाहीत.

विकणारा काय शब्द वापरतो आणि त्याचा अर्थ काय

डुप्लिकेट, फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, मिरर, सेवन ए, टेन ए. यातली कुठलीच ग्रेड कोण तपासून देत नाही, विकणारा म्हणेल ती ग्रेड. एकच माल खडेबाजारात एका नावानं आणि इन्स्टावर दुसऱ्या नावानं फिरतो, किमतीत हजाराचा फरक असतोय. चीनमधलं पुतियान शहर नकली स्नीकरसाठी जगभर बदनाम आहे, तिथं आधी मोठ्या ब्रँडांचे खरे कारखाने आले आणि त्या कौशल्यावरच पुढं नकलेचा धंदा उभा राहिला, त्यामुळं काही कॉप्या दिसायला खरंच जवळ जातात हे मान्य. पण आपल्याकडं दीड हजाराला जो माल येतो तो त्या दर्जाचा असतोय असं धरून चालू नका.

"कंपनीचा सरप्लस माल हाय अण्णा", "एक्स्पोर्ट रिजेक्ट हाय", हे ऐकलं की सावध व्हा. रिजेक्ट मालाला सगळे साइज, सगळे रंग, बॉक्ससकट ओळीनं मिळत नसतात. खरा सेकंड्सचा माल तुटक असतो, एखादा आठ नंबर, एखादा अकरा, कुठं शिलाई तिरकी, कुठं डाग.

अजून एक फरक डोक्यात ठेवा. डिझाइन साधारण तसंच पण नाव स्वतःचं, हा एक प्रकार. दुसऱ्याचं नाव-चिन्ह छापून विकणं हा वेगळा प्रकार. यातला हा दुसरा प्रकार गुन्हा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. नुसता रंगसुद्धा ट्रेडमार्क असू शकतो, लग्नात हल्ली दिसतात ते लाल सोलाचे हिल्स घ्या, त्या लाल सोलाला दिल्ली हायकोर्टानं २०१७ मध्ये प्रसिद्ध ट्रेडमार्क म्हणून मान्यता दिली. स्वतःच्या पायासाठी एक जोड घेणाऱ्याला ही कलमं लागत नाहीत, ती बनवणाऱ्या-विकणाऱ्यांसाठी आहेत. पण जी पोरं पॉकेटमनीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉपी शूज रीसेल करायलेत त्यांनी हे नीट वाचा, तुम्ही विकणारे आहात.

पहिलं काम: बूट कशासाठी पाहिजे ते ठरवा

हे आधी, दुकान नंतर. रोज पळायला, जिमला, डोंगरावर जायला, दिवसभर उभं राहून काम करायला पाहिजे असेल तर कॉपी विषयच सोडून द्या. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी पळणारी पोरं बघतो, वर नाव मोठं आणि खाली सोल दगडासारखा. पळताना अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो, तो कमी करायचं काम मधल्या फोमचं, आणि नकलेत पैसे वाचवायची पहिली जागा तीच असते कारण ती बाहेरनं दिसत नाही.

वाढत्या वयाच्या पोरांना नको. शुगर असलेल्यांना तर अजिबातच नको, हे मी हात जोडून सांगतो. पायाची संवेदना कमी झालेली असते, आतली एखादी कडक शिवण घासली तरी कळत नाही, फोड येतो, जखम होते आणि मग ती भरत नाही. आई-बाबांना वाढदिवसाला 'ब्रँडेड' म्हणून कॉपी आणून देणारे आहेत, त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून साधी मऊ, रुंद चप्पल आणून द्या.

कातडीचा त्रास असेल तरी जपा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कपडे आणि पादत्राणं बनवणाऱ्यांच्या संघटनेनं ४७ नकली वस्तू लॅबमध्ये तपासल्या, त्यातल्या १७ नापास झाल्या, शिसं, कॅडमियम, थॅलेट असली द्रव्यं जास्त निघाली. संघटना कंपन्यांचीच, तिला नकलेविरुद्ध बोलायला कारण आहे हे खरं, तरी नवा बूट उघडल्यावर रॉकेलसारखा भपकारा येतो आणि दोन दिवसांत पायाला खाज सुटते हे आमच्या घरातच बघितलंय.

राहिलं काय, तर एखादं लग्न, एखादी रील, एखादं फंक्शन. तिथंसुद्धा मी म्हणेन बिननावाचा घ्या, पण निदान तिथं पायाचं नुकसान कमी.

दुसरं काम: हिशेब वर्षाचा करा, जोडाचा नको

बेळगावात जून ते सप्टेंबर पाऊस आणि खानापूरकडं तर त्याहून जास्त. आपल्याकडं बूट पावसाळा काढतो का नाही यावरच त्याची किंमत ठरते. अठराशेची कॉपी सहा महिने म्हणजे महिन्याला तीनशे. सेलमध्ये घेतलेला खरा बूट साडेतीन हजाराचा, दोन वर्षं गेला तर महिन्याला दीडशेसुद्धा पडत नाही. आणि कॅम्पस, स्पार्क्स, बाटा असल्या आपल्याकडं सगळीकडं मिळणाऱ्या कंपन्यांचा बाराशे-पंधराशेचा बूट दीड वर्ष गेला तर महिन्याला नव्वद रुपयेही नाहीत. हे आकडे माझ्या वापराचे, तुमचे तुम्ही मांडा, पण वहीत मांडा.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी ५ टक्के झालाय, त्याहून महाग असेल तर १८. म्हणजे बाराशे ते अडीच हजार या पट्ट्यात खरा, बिलाचा माल पूर्वीपेक्षा स्वस्त पडायला पाहिजे. कॉपी ज्या किमतीत विकली जाते तोच हा पट्टा.

तिसरं काम: दुकानात हातात घेऊन तपासणं

समजा कोण 'ओरिजिनल' म्हणून द्यायलाय. मग लाजायचं नाही, वेळ घ्यायचा, संध्याकाळी जायचं कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो आणि साइज तेव्हाच खरा कळतो.

सगळ्यात आधी किंमत. नवीन मॉडेल, सगळे साइज, आणि सत्तर-ऐंशी टक्के कमी? मग पुढचं तपासायची गरजच नाही. मोठ्या सेलमध्येसुद्धा चालू मॉडेलला एवढी सूट मिळत नाही.

मग बॉक्सवरचं लेबल आणि जिभेच्या आतलं लेबल शेजारी शेजारी धरा. मॉडेलचा कोड, साइज, रंग दोन्हीकडं एकच पाहिजे. तो कोड मोबाइलवर टाकून बघा, त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा फोटो येतो का? इथं एक गोष्ट लोक चुकतात. कोड जुळला नाही तर माल घेऊच नका. पण कोड जुळला म्हणून माल खरा, असं नाही, कारण नक्कल करणारा कोडसुद्धा खराच छापतो. क्यूआर कोडचंही तेच, स्कॅन होऊन कंपनीची वेबसाइट उघडली म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही, वेबसाइटचा क्यूआर कोण पण बनवतंय.

बॉक्सवर एमआरपी, बनवल्याचा किंवा आयात केल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा नंबर छापलेला असायला पाहिजे, हा पॅकबंद मालाचा नियम आहे. कॉपीच्या बॉक्सवर बहुतेक वेळा परदेशी अक्षरं भरपूर आणि भारतातला पत्ता गायब. पुढं आयएसआय मार्क. १ ऑगस्ट २०२४ पासून पादत्राणांसाठी हा मार्क सक्तीचा करायचा नियम लागू झालाय, लहान कारखान्यांना आणि जुन्या स्टॉकला सवलती आहेत, म्हणून मार्क नाही एवढ्यावरनं नकली म्हणू नका. मार्क असेल तर त्याच्याखालचा सीएम/एल ने सुरू होणारा नंबर 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाका, लायसन कुणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथं दिसतंय. माझ्या मते सगळ्यात कामाची तपासणी हीच, कारण ॲपमधलं नाव विकणाऱ्याच्या हातात नाही.

आता खुद्द बूट. दोन्ही बूट टाचेला टाच लावून उभे करा, मागची उंची, चिन्हाची जागा एकसारखी आहे का बघा. कडेनं जिथं सोल चिकटवलाय तिथं नख फिरवा, गोंदाचे थेंब, पिवळट रेघ, फट. इनसोल उचलून आत बघा, शिलाई दिसते का पुठ्ठा. चवडा वाकवा, बूट बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्येच कमानीत वाकत असेल तर तो पायाला त्रास देणार. अंगठ्यानं मधला फोम दाबा, दाबला जाऊन परत वर यायला पाहिजे. वर रंग मारलेला असेल तर दाबल्यावर बारीक सुरकुत्या पडतात, माझ्या बुटाला त्या दुकानातच पडत होत्या, मी लक्ष दिलं नाही.

शेवटी बिल मागा. जीएसटी नंबरचं, ब्रँडचं आणि मॉडेलचं नाव लिहिलेलं. "बिल कशाला अण्णा, काय झालं तर आणून द्या की" असं म्हणाला की उत्तर मिळालं. आपल्या बाजारात माणूस मराठी, कन्नड, हिंदी तिन्हीत गोड बोलतो, "कडिमी माडरी" (कमी करा) म्हटलं की दोनशे लगेच कमी करतो, पण बिलाचं नाव काढलं की कुठल्याच भाषेत बोलत नाही.

ऑनलाइन घेत असाल तर

ब्रँडची स्वतःची साइट सगळ्यात बरी. मोठ्या शॉपिंग ॲपवर घेताना बुटाच्या फोटोखाली 'सोल्ड बाय' काय लिहिलंय ते उघडा, विकणारा वेगळाच कोणतरी असतो. रिव्ह्यूमधले लोकांनी घरी काढलेले फोटो बघा, स्टार बघू नका. पार्सल उघडताना लेबलापासून सलग व्हिडिओ काढा.

इन्स्टावरच्या पेजला ॲडव्हान्स पाठवू नका, 'अर्धे आता, अर्धे डिलिव्हरीला' हे पण नको. पैसे पाठवले आणि पेज ब्लॉक झालं असं झालं तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. खोटा माल ओरिजिनल म्हणून गळ्यात मारला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं मराठीत आणि कन्नडात दोन्ही बोलता येतंय. त्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, पाच लाखापर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी नाही. बिल, चॅटचे स्क्रीनशॉट, व्हिडिओ जपून ठेवा. मात्र कॉपी आहे हे माहीत असून घेतलेली असेल तर मग तक्रारीत दम राहत नाही.

साइजचं थोडं

कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून पायाची रेघ मारा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजा आणि मोठा धरा. पुढं साधारण एक सेंटिमीटर जागा पाहिजे. आपले पाय पुढं रुंद असतात, चेन्नईच्या सीएलआरआय या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभर पाय मोजून हेच सांगितलं आणि त्यावरनं 'भा' नावाची भारतीय साइज पद्धत सुचवली. कॉपी बूट परदेशी साच्यावर आणि तोही अंदाजानं बनवलेला, म्हणून नऊ नंबर कधी साडेआठ निघतो कधी साडेनऊ.

आधीच घेतलाय, आता काय

फेकू नका. पुठ्ठ्याचा इनसोल काढून दोन-अडीचशेचा चांगला इनसोल घाला. सोल सुटायच्या आधीच कडेनं शिलाई मारून घ्या, सुटल्यावर गोंद आणि शिलाई दोन्हीचे पैसे जातात. पावसात घालू नका, भिजलाच तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की गोंद पुन्हा मऊ होतो. चालायला वापरा, पळायला नको.

मग डिझायनर काहीतरी घालायचंय त्यांनी कुठं जायचं

अथणीला जा. हे मी मनापासून सांगतोय. कोल्हापुरी चपलेचा जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) एकट्या कोल्हापूरचा नाही, त्यात चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार कर्नाटकाचे. आपल्या अथणी, निपाणी पट्ट्यात ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या बनते. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या महागड्या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल दाखवली आणि आधी आपल्या कारागिरांचं नावसुद्धा घेतलं नाही, केवढा गदारोळ झाला. डिसेंबरात त्याच कंपनीनं महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार केला, दोन हजार जोड इथं बनवून घेणार, किंमत साधारण आठशे युरो. आणि आपली पोरं त्याच जिल्ह्यात राहून परदेशी नावाची नक्कल अठराशेला घेतात, हे मला खरंच खटकतं.

पण इथं पण नक्कल आहे, तेवढ्याच काळजीनं घ्या. मशीनवर बनवलेली, रेक्झिनची, खाली रबर चिकटवलेली चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून सर्रास विकतात. खरी ओळखायची ती अशी: बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याला मातकट, ओलसर वास असतो, प्लॅस्टिकचा नाही. सोलाची कड बघा, कातड्याचे थर आणि तंतू दिसले पाहिजेत. शिलाई दोऱ्याची नाही, कातड्याच्या वादीची, आणि खिळा कुठंच नाही. दोन्ही पायांत हातकामाचा थोडा फरक असतो, तो दोष धरू नका.

घेताना थोडी घट्टच घ्या, कातडं आठ-दहा दिवसांत पायाच्या आकारात बसतं. पहिले दिवस घरातल्या घरात अर्धा-अर्धा तास घाला, अंगठ्याजवळ लागत असेल तर आतनं थोडं खोबरेल लावा, तळाला एरंडेलाचा हात फिरवा. मिरगाच्या पावसाआधी पुसून, तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवून द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलात तर बुरशी येते. दसऱ्याला बाहेर काढा.